पाण्याचा उतार, बैलाचा चढ

वैनगंगेच्या कालव्याच्या बांधावरून सायकलीने निघाले की पहिल्या दोन-तीन कोसांतच एक गोष्ट पायांच्या ध्यानात येते, आणि डोळ्यांना ती उमगायला मात्र पुष्कळ वेळ लागतो: या वाटेला चढ नाही आणि उतारही नाही. टेकाड आडवे आले तर वाट त्याला वळसा घालते, ओढा आला तर बांधीव मोरीवरून त्याला ओलांडते, आणि एका अंगाला भाताची खाचरे व दुसऱ्या अंगाला रानाची कड ठेवून अशा संथपणे पुढे सरकत राहते की तासभर पायडल मारूनही धाप लागत नाही. तेथून काही कोसांवर असलेला बैहरकडचा घाट चढू लागावे, तर तेच पाय निराळीच साक्ष देतात. येथे चढ निश्चित आहे, परंतु तो एकदम अंगावर येत नाही, वळणावळणाने, माणसाची व जनावराची कुवत ओळखून तो वर नेतो. या दोन वाटांमधला भेद भूमीने केलेला नाही. पहिली वाट पाण्यासाठी आखली गेली आणि दुसरी बैलासाठी, म्हणून त्या अशा आहेत. बालाघाट जिल्ह्यातील नदीकाठच्या व रानातल्या वर्दळ नसलेल्या वाटांवरून काही हिवाळे सायकल फिरवल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, प्रत्येक जुन्या वाटेच्या उतारात तिच्या मूळ धन्याचे चित्र उमटलेले असते, आणि सायकलीइतके ते चित्र दुसऱ्या कोणत्याही वाहनाला वाचता येत नाही. मोटारीला चढ जाणवत नाही आणि पायी चालणाऱ्याला एका दिवसात इतकी जमीन तुडवता येत नाही.

अशा वाटांवरून चालवण्याच्या सायकलीला हल्ली ‘ग्रॅव्हल सायकल’ म्हणतात. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात २००६ साली गवताळ टेकड्यांमधल्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. पण त्याच्याही आधी, १९९७ साली, इटलीच्या तस्कनी प्रांतातील काही सायकलप्रेमींनी जुन्या सायकलींची एक यात्रा सुरू केली होती, आणि तिचा हेतू मला अधिक मोलाचा वाटतो. द्राक्षमळ्यांमधून जाणारे तेथील पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, ते वापरात राहावेत आणि म्हणून टिकावेत, एवढ्यासाठी ती यात्रा होती. वाहने नकोशी झालेला रस्ता सायकलीने जिवंत ठेवायचा, ही कल्पना आपल्याकडे अजून पुरती रुजलेली नाही; परंतु तिला लागणारी भूमी आपल्याकडे विपुल आहे आणि, आश्चर्य वाटेल, पण सायकलही जवळजवळ तयारच आहे.

ग्रॅव्हल सायकलीचे मर्म तिच्या टायरात आहे. त्याची रुंदी ३५ ते ५० मिलिमीटर असते आणि त्यात हवा बेताची, म्हणजे चौरस इंचास ३५-४० पौंडांच्या आसपास भरतात. टणक फुगवलेला अरुंद टायर वेगवान असतो हा समज गुळगुळीत डांबरापुरता खरा आहे. मुरमाच्या वाटेवर असा टायर प्रत्येक खड्यावर आदळतो आणि सायकल, स्वार व सामान असा सगळा भार दर वेळी केसभर वर उचलतो; हे उचलणे मैलामागे हजारो वेळा घडते, आणि त्यात खर्च झालेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही, ती अंगाच्या थरथरीत विरून जाते. मऊ, रुंद टायर त्या खड्याला आपल्या पोटात घेतो व पुढे जातो. आता आपल्या गावोगावच्या काळ्या सायकलीकडे पाहावे. दूधवाले, पोस्टमन, जंगलखात्याचे नाकेदार ज्या सायकलीवर उभे आयुष्य फिरले तिचा टायर अठ्ठावीस गुणिले दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर रुंद आहे. ज्यांनी ती मूळ घडवली त्यांच्याही डोळ्यांसमोर कच्चे रस्तेच होते. तिच्यात उणे आहे ते गिअरचे. त्याकडे घाटात गेल्यावर येईन.

प्रथम भूमीविषयी लिहिणे अवश्य आहे. फारसीतला ‘बाला’ म्हणजे वरचा. तेव्हा बालाघाट म्हणजे घाटमाथ्यावरचा मुलूख, आणि मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगेचे नावही याच अर्थाचे आहे. नवल असे की ज्या शहराने हे नाव धारण केले ते स्वतः घाटाखाली, वैनगंगेच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम २९० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्याचे जुने नाव बूढा. १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजी अंमलाने हा जिल्हा निर्माण केला तो मुख्यतः वरच्या पठारावरील ओसाड मुलूख वसवावा या हेतूने, आणि म्हणून नाव घाटमाथ्याचे व कचेरी घाटाखालची अशी स्थिती झाली. त्याच्याही पूर्वी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. भोसल्यांच्या पदरी असलेल्या पोवारांनी वैनगंगेच्या खोऱ्यात लांजीच्या बाजूस जंगल तोडून भातशेती उभी केली, आणि आजही गोंदियाहून उत्तरेस बालाघाटकडे निघाले की भाषेची सरहद्द कोठे लागली ते सांगता येत नाही. पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच वाक्यात नांदतात. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा ही रेषा कागदावर उमटली; पांदणींनी ती कधी ओळखली नाही.

भूरचनेने या जिल्ह्याचे तीन भाग पडतात. दक्षिणेस वैनगंगा, बाघ, देव, सोन या नद्यांचे सखल, भाताचे मैदान. उत्तरेस डोंगर आणि वैनगंगा यांच्यामध्ये सापडलेली मऊ तालुक्याची चिंचोळी, रानाने भरलेली दरी. आणि पूर्वेस बैहर व परसवाडा यांचे उंच पठार. जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र जंगलाखाली आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने या तीन भागांना तीन निरनिराळ्या जातींच्या वाटा मिळालेल्या आहेत: मैदानाला कालव्याची व पांदणीची, दरीला जंगलखात्याची, आणि पठाराकडे नेणारी घाटाची.

कालव्याची वाट मला सर्वांत प्रिय आहे. लामट्याच्या बाजूला ढूटी येथे वैनगंगेवर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बांधलेला बंधारा आहे. तेथे अडवलेले पाणी कालव्याने खालच्या भातक्षेत्राकडे जाते. कालवा खणणाऱ्या इंजिनिअरसमोर एक नाजूक प्रश्न असतो. उतार अधिक दिला तर पाणी धावते आणि कालव्याचा तळ व काठ खरवडते. उतार उणा पडला तर पाणी रेंगाळते, गाळ खाली बसतो आणि काही वर्षांत कालवा भरून येतो. या दोहोंमधला उतार काही हजारांस एक इतका सूक्ष्म असतो. तो पाच हजारांस एक धरला तर एका किलोमीटरात वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. वीस किलोमीटर चालून गेले तरी चार मीटर. सायकलीच्या चाकाला हा उतार उतारासारखा कधी लागत नाही, कारण मुरमावरचा विरोध त्याच्या कितीतरी पट असतो. चाकाला तो केवळ निर्दोष सपाटीसारखा लागतो. ही सपाटी राखण्यासाठी कालव्याला सरळ जाण्याचा हव्यास सोडावा लागतो. समान उंचीच्या रेषेला धरून तो डोंगराच्या प्रत्येक घळीपाशी आत वळतो व पुन्हा बाहेर येतो, आणि त्याच्या शेजारची देखरेखीची वाट त्याच्यामागून जाते. म्हणून कालव्यावरचे अंतर नकाशातल्या अंतरापेक्षा नेहमी अधिक भरते, आणि श्रम नेहमी उणे. जेथे जमीन फारच वेगाने उतरते तेथे बांधीव पायरी करून पाणी एकदम खाली सोडलेले असते. त्या ठिकाणी वाटही हातभर बुचकळी मारते, आणि पाण्याच्या आवाजाने ती जागा पाव मैलावरूनच कळते.

या वाटेला वर्दळ नाही याचे कारण ती कोठल्याही गावाला नेण्यासाठी केलेली नाही. कालव्याची पाहणी करणारा, दरवाजे उघडणारा, फुटलेला काठ बुजवणारा, एवढ्यांसाठी ती आहे. गावे तिला स्पर्श करतात, पण तिच्यावर अवलंबून नसतात. ती सार्वजनिक रस्ता नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ती सिंचनखात्याच्या मालकीची वाट आहे, आणि पाटावरच्या माणसाला विचारून, दरवाज्यांना व फळ्यांना हात न लावता तिच्यावरून जावे, हा शिरस्ता मी पाळत आलो आहे. एवढे केल्यावर मला आजवर कोणी अडवलेले नाही. उलट पुढे बांध कोठे खचला आहे याची बातमी फुकट मिळाली आहे.

पांदणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शेतांच्या दोन बांधांमधून, बाभळीच्या व करवंदीच्या कुंपणामधून जाणारी बैलगाडीची वाट म्हणजे पांदण. तिच्यावर चाकोरी पडते, आणि चाकोरी हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्याची मूळ वस्तू पुष्कळांनी पाहिलेलीही नसते. लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी धाव दोन बोटे रुंद. तिच्यावर पंधरा-वीस मण भार. आणि मागची प्रत्येक गाडी पुढच्या गाडीच्या रेषेतून जाणार. पावसाळ्याच्या अखेरीस, माती ओली असताना, ही धाव जमिनीत रुतते, आणि दिवाळीनंतर ऊन पडले की तीच रेघ विटेसारखी भाजून निघते. अशा चाकोरीत पुढचे चाक एकदा उतरले की ते आपल्या इच्छेने बाहेर येत नाही. हँडल वळवून ते काढू पाहणारा हमखास पडतो, आणि माझ्या डाव्या कोपरावर त्याचा पुरावा आहे. उपाय असा की वेग कमी करावा, भार मागे घ्यावा, पुढचे चाक हलके करावे आणि दोन चाकोऱ्यांमधला गवताचा उंचवटा धरावा. हा उंचवटा बैलांच्या खुरांनी घट्ट केलेला असतो, आणि सबंध पांदणीत सायकलीला साजेशी तेवढीच हातभर जागा असते.

याउलट मुरमाच्या ज्या रस्त्यावर मोटारी व ट्रॅक्टर धावतात त्यावर आडव्या लाटा पडतात, पन्हळी पत्र्यासारख्या. याचे शास्त्रीय कारण मनोवेधक आहे. सुट्या कणांच्या पृष्ठावरून चाक एका मर्यादेपेक्षा अधिक वेगाने गेले की लहानशा उंचवट्यावर ते किंचित उसळते व पुढे आदळते; आदळल्या जागी खळगा पडतो, खळग्यापुढे नवा उंचवटा तयार होतो, आणि मागून येणारे प्रत्येक चाक त्याच ठेक्याने ती लाट वाढवत जाते. मर्यादेच्या आत राहिलेले चाक लाट पाडत नाही, आणि बैलगाडीची गती त्या मर्यादेच्या आतली. म्हणून बैलगाडीचा रस्ता लांबीने चिरला जातो आणि मोटारीचा रस्ता रुंदीने हादरतो. ज्या मुरमाच्या वाटेवर यांपैकी कोणतेच चिन्ह नाही, जिथे भरड खडे, वाळू आणि थोडी चिकणमाती यांचे मिश्रण पावसाने भिजून व उन्हाने सुकून एकजीव झालेले आहे, ती वाट पाहिली की समजावे, येथे बऱ्याच दिवसांत कोणी घाईने गेलेले नाही. सायकलीला याहून सुंदर पृष्ठभाग मिळत नाही.

पांदणीचा हक्क कोठे लिहिलेला असतो, असा प्रश्न साहजिकच येतो. मध्य प्रांतात मालगुजारीच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारीच्या, काळापासून गावाच्या दप्तरात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा एक कागद असे. गावाचा रिवाज, पाण्याच्या पाळ्या, गुरांची वाट, गाडीची वाट, हे सर्व त्यात नोंदलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. परंतु हा कागद व त्याच्या जोडीचे निस्तारपत्रक यांना मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेतही स्थान मिळाले. कोठल्या जमिनीतून कोणी जावे याचा वाद पडला की पटवाऱ्याच्या दप्तरातील तो कागद आजही बाहेर निघतो. मला हे नेहमी हृद्य वाटत आले आहे. परदेशात सायकलीच्या मार्गांसाठी मोठमोठ्या संस्था जमीन मिळवण्याकरिता वर्षानुवर्षे खटपट करतात. आपल्याकडे ती वाट, तिच्या नावानिशी, फारसी-उर्दू शीर्षकाच्या कागदावर शतकभर लिहून ठेवलेली आहे, आणि आपण तिच्याकडे वळून पाहत नाही. इतकेच नव्हे, ज्या पांदणीवरून गाडी जायची थांबली ती दोन्ही बाजूंच्या नांगरांनी वितीवितीने खाल्ली जाते, आणि दहा-पंधरा वर्षांत कागदावरच उरते.

आता घाट. पठारावर शेतीची वस्ती फार जुनी नाही. परसवाड्याच्या पठारावरील आरंभीची गावे लक्ष्मण नाईक नावाच्या गृहस्थाने १८१० च्या सुमारास वसवली अशी जुन्या जिल्हावृत्तांतात नोंद आहे. पण पायवाटा त्याच्या कितीतरी आधीच्या. मीठ घेऊन वर जाणारे आणि धान्य घेऊन खाली येणारे बंजाऱ्यांचे तांडे याच डोंगरांमधून गेले, आणि त्यांचे लदलेले बैल गाडीच्या बैलांपेक्षा पुष्कळ उभा चढ चढू शकत. पुढे गाडीरस्ते झाले तेव्हा मापच बदलले. जुंपलेल्या बैलाला वीस पावलांस एक पाऊल याहून अधिक चढ फार काळ सोसत नाही. म्हणून गाडीघाट लांब होतो, वळणे घेतो आणि डोंगराचे पोट धरून जातो.

हेच माप सायकलस्वाराच्या पायांचे आहे, हा केवळ योगायोग नव्हे. स्वार व सायकल मिळून पंच्याऐंशी किलो भार धरला आणि वीसास एक चढावर ताशी दहा किलोमीटर गती धरली, तर नुसत्या चढासाठी एकशे पंधरा वॉटच्या जवळपास शक्ती लागते, आणि मुरमाच्या विरोधासाठी आणखी तीस-चाळीस. निरोगी, सराव असलेला माणूस एवढी शक्ती तासभर देऊ शकतो. त्याहून उभ्या चढावर तो देऊ शकत नाही, किंवा दिली तर माथ्यावर पोचेपर्यंत त्याच्यात पाहण्या-ऐकण्याचे त्राण उरत नाही. येथे काळ्या सायकलीचे उणे उघडे पडते. तिच्या पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन-अडीच फेरे फिरते, म्हणजे सुमारे पाच मीटर अंतर. ताशी दहाच्या गतीला मिनिटास तीसेक फेरे एवढीच लय मिळते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. नव्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरात पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा, दोन मीटरांहून थोडे अधिक. त्याच गतीला मिनिटाला पंचाहत्तर फेरे, आणि श्वास व पाय यांची जोडी जमते. दूधवाला घाटात उतरून सायकल हाती धरून चालतो ते अशक्तपणामुळे नव्हे. ते शुद्ध गणित आहे.

घाट चढत असताना रान बदलते, आणि हा बदल मोटारीतून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. खाली सागवान, धावडा, साजा, तेंदू. वर सालाचे राज्य, ज्याला स्थानिक लोक सरई म्हणतात. माघ-फाल्गुनात साग निष्पर्ण होतो आणि त्याची ताटाएवढी पाने वाटेवर थर करून पडतात. दिसायला ती निरुपद्रवी, पण त्यांच्याखाली मुठीएवढा दगड असला तरी कळत नाही, आणि उताराला ती टायराखाली निसटतात. त्या दिवसांत सागाच्या रानात ब्रेक आधी आणि वळण नंतर, हा क्रम मोडू नये. साल मात्र कधी पुरता उघडा होत नाही. जुनी पाने गळताहेत तोच नवी फुटतात, आणि वैशाखात खालचे रान तापून पिवळे झालेले असताना माथ्यावर पोचताच सावली अंगावर पडते. पठारावरच्या खोलगट कुरणांत मात्र साल वाढत नाही. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येऊन तेथे साठते, दव गोठते, आणि सालाची कोवळी रोपे त्या कडाक्याने मरतात; म्हणून टेकडीवर झाडे व तळाशी गवत असा उलटा देखावा येथे दिसतो. पौषातल्या सकाळी सायकलीने उतार उतरत अशा कुरणात शिरावे. शेवटच्या शंभर पावलांत बोटे एकाएकी बधिर होतात, जणू गार पाण्याच्या डोहात पाऊल पडले.

जंगलखात्याच्या वाटा दोन प्रकारच्या. एक, लाकूड व बांबू काढण्यासाठी केलेल्या मुरमाच्या वाटा, ज्या ओढ्यांवर पूल न बांधता दगडी रपट्यांवरून जातात, दुसऱ्या जाळरेषा. वणवा एका कक्षातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोन कक्षांमधली रुंद पट्टी दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी साफ करून जाळतात, आणि तेथे जंगल भांग पाडल्यासारखे सरळ विभागलेले दिसते. जाळरेषेला उताराचा काही विचार नसतो. ती टेकडीवर सरळ चढते व सरळ उतरते, कारण ती आगीसाठी आहे, आणि आगीला दम लागत नाही. नवख्याने तिच्या वाटेस जाऊ नये. कक्षांच्या कोपऱ्यांवर चुन्याने रंगवलेले दगडी मुनारे असतात, त्यांच्यावर क्रमांक. रानात रस्ता चुकला तर मोबाईलच्या नकाशापेक्षा हा क्रमांक नाकेदाराला सांगणे अधिक कामी पडते, असा माझा अनुभव आहे. राखीव वनातील वाटेवर जायला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या गाभा क्षेत्रात सायकलीला प्रवेशच नाही. या उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यातच आहे. हा निर्बंध मला सर्वस्वी योग्य वाटतो. कान्हा आणि पेंच यांच्यामध्ये वाघांच्या ये-जा करण्याचा जो पट्टा आहे तो याच जिल्ह्यातून जातो, आणि त्या पट्ट्यात आपण पाहुणे आहोत. वाघापेक्षाही सायकलस्वाराने भ्यावे ते अस्वलाला. मोह गळू लागला की अस्वले पहाटे व तिन्हीसांजा वाटेवर येतात. त्यांची नजर अधू, आणि सायकल निःशब्द. ज्या निःशब्दतेचे आपण एवढे कौतुक करतो तीच येथे घातक ठरते. म्हणून वळणावर घंटी वाजवावी, आणि सूर्य हातभर वर आल्याशिवाय रानात शिरू नये.

या पठारावर एक जागा मला प्रत्येक फेरीत थांबवते, आणि तेथे पाहण्यासारखे काहीही नाही. वाट एका बुटक्या चढावरून जाते, दोन्ही बाजूंस साल, मध्ये लाल मुरूम. या चढाच्या एका अंगाला पडलेला पाऊस बंजर नदीत जातो, बंजर मंडल्याजवळ नर्मदेला मिळते, आणि ते पाणी पश्चिम समुद्राला पोचते. दुसऱ्या अंगाचा पाऊस घाट उतरून वैनगंगेत, तेथून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि पूर्व समुद्रात. द्वीपकल्पाचा कणा येथे पायडलाच्या आठ-दहा फेऱ्यांत ओलांडला जातो.

रेल्वेविषयी थोडक्यात. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रुंदीची जी लहान गाडी नेली, ती याच वैनगंगेच्या दरीतून जाई. तिचे आता मोठ्या गाडीत रूपांतर झाले आहे आणि ते प्रवाशांच्या हिताचेच आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातील बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर २००० साली १५२ किलोमीटरांची सायकलवाट खुली झाली आणि ओस पडत चाललेल्या गावांमध्ये खाणावळी व मुक्कामाची घरे पुन्हा उभी राहिली. आपली लोहवाट जिवंत असल्यामुळे तो मार्ग आपल्याला मिळणार नाही. पण गावाला पाहुण्याचे चार पैसे मिळवून देण्याचे तेच काम कालव्याची वाट करू शकेल.

२००० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने या मुलखातील असंख्य गावांना बारमाही रस्ता दिला. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवरून नेणे ज्यांनी पाहिले आहे ते डांबराविरुद्ध शब्द काढणार नाहीत, आणि मीही काढणार नाही. गावाला नेणारा रस्ता पक्काच हवा. माझे मागणे वेगळ्या वाटांपुरते आहे: कालव्याचा बांध, गावांना न जोडणारी वनवाट, आणि दप्तरात नोंदलेली पण नांगराखाली जाणारी पांदण. यांना डांबर नको. पावसाळ्यानंतर एकदा मुरूम, मोऱ्या उघड्या, आणि फाट्यावर अंतर सांगणारा एक दगड, एवढे पुरे. कार्तिक ते माघ हे चार महिने या वाटांचे. पावसाळ्यात रपटे बुडतात आणि खाचरांची काळी चिकणमाती चाक व चिमटा यांच्यामध्ये भरून सायकल जागीच उभी करते.

गेल्या आश्विनात ढूटीकडून खाली येत होतो. पावसाने पंधरा दिवस डोळे वटारले होते आणि भात पोटरीवर आला होता. कालवा बहुतेक कोरडा. पण बंधाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याचे तोंड मला दिसले होते, हळूहळू पुढे सरकणारे, पुढे फेस, वाळकी पाने आणि पळून जाणारे बेडूक. त्याला मागे टाकून मी पुढे आलो. आठेक किलोमीटरांवर बांधावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने हात करून थांबवले आणि विचारले, “भाऊ, वरून पाणी सुटलं का?” मी सांगितले की सुटले आहे, अर्ध्या-पाऊण तासापूर्वी मी त्याच्या शेजारून आलो. त्याने क्षणभर कालव्याच्या कोरड्या तळाकडे पाहिले. मी मनाशी हिशेब केला: ताशी दोन-तीन किलोमीटर, म्हणजे तिन्हीसांजेपर्यंत. तो हिशेब त्याला माझ्या आधीच करता आला असावा, कारण माझे वाक्य पुरे होण्यापूर्वीच तो उठला, फावडे खांद्यावर टाकले आणि आपल्या शेताला पाणी देणाऱ्या मोघ्यात साचलेले गवत उपसायला खाली उतरला.